१८४८ची नेमणूक आणि आल्काँची विस्मृती : एक पार्श्वभूमी

शार्ल-वालांतँ आल्काँ या फ्रेंच संगीतकाराचे नाव गेल्या काही दशकांत पियानोच्या ध्वनिमुद्रणांवर पुन्हा दिसू लागले आहे. त्याच्याविषयी बोलताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. तो माणसांपासून फटकून राहणारा होता ही पहिली, आणि पुस्तकांचे कपाट अंगावर कोसळून त्याचा मृत्यू झाला ही दुसरी. पहिली गोष्ट अर्धवट आहे आणि दुसरी बहुधा खोटी आहे. एवढ्या ताकदीचा रचनाकार पाऊणशे वर्षे जवळपास अज्ञात कसा राहिला, याचे उत्तर त्या दोन्हींत सापडत नाही. ते शोधायचे तर १८४८ सालच्या एका नेमणुकीपाशी थांबावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. ३० नोव्हेंबर १८१३ रोजी पॅरिसमधील एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. घराण्याचे आडनाव मोरांज होते, पण वडिलांचे आल्काँ हे नावच मुलांनी आडनाव म्हणून लावले. वडील संगीताची खासगी शाळा चालवत आणि भावंडेही संगीतातच वाढली. सहाव्या वर्षी तो पॅरिस कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयात दाखल झाला आणि दहाव्या वर्षी त्याने पियानोवादनाचे पहिले पारितोषिक मिळवले. पुढे प्रसिद्ध पियानोरचनाकार शोपँ त्याचा शेजारी आणि स्नेही झाला.

१८४८मध्ये, राजसत्ता उलथल्यानंतरच्या त्या अस्थिर वर्षी, आल्काँचे गुरू कॉन्झर्व्हेटरीतील पियानोच्या अध्यापनातून निवृत्त झाले. त्या जागेवर आल्काँचा हक्क त्याला स्वतःला निर्विवाद वाटत होता, आणि तसे वाटणारा तो एकटा नव्हता. पॅरिसमधील साहित्यिक आणि कलावंतांपैकी अनेक मोठी माणसे त्याच्या पाठीशी उभी राहिली. पूर्वी त्याच्याच आवारात राहिलेल्या एका ख्यातनाम कादंबरीकर्त्रीला त्याने या संदर्भात लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. एरवी अबोल असलेला हा माणूस त्या पत्रांत अक्षरशः जीव तोडून आपली बाजू मांडताना दिसतो. संचालकांनी मात्र वयाने आल्काँहून लहान असलेल्या दुसऱ्या एका उमेदवाराची निवड केली, आणि हा उमेदवार पूर्वी आल्काँच्याच स्वरवाचनाच्या वर्गात बसलेला विद्यार्थी होता. आल्काँने पत्रात या नेमणुकीला अत्यंत लाजिरवाणी म्हटले.

निवड झालेला शिक्षक नालायक होता असे म्हणता येत नाही. त्याने जवळजवळ चाळीस वर्षे तो वर्ग सांभाळला आणि बिझे व देब्युसी हे पुढे नावाजलेले रचनाकार त्याच्या हाताखाली शिकून गेले. त्यामुळे काही अभ्यासक नेमणुकीचे समर्थन करतात. रोज वर्ग घेण्यासाठी लागणारा सोशिकपणा आल्काँकडे नव्हता, असे ते म्हणतात. हा तर्क मला पटत नाही, कारण आल्काँ खासगी शिकवण्या घेत होता आणि पॅरिसमध्ये त्याला शिक्षक म्हणून मान होता. शिवाय प्रश्न केवळ एका माणसाच्या नोकरीचा नव्हता. त्या काळी पियानोची रचना टिकायची ती वर्गातून. शिक्षकाच्या रचना विद्यार्थी परीक्षेसाठी बसवत, पुढे मैफलीत वाजवत आणि आपल्या विद्यार्थ्यांना देत. ज्याला शिष्यशाखाच नाही त्याच्या चिजा कोण गाणार, हे आपल्याकडच्या संगीतरसिकाला वेगळे समजावून सांगायला नको. आल्काँच्या हातून ती जागा गेली तेव्हा त्याच्या संगीताचे पुढच्या पिढीकडे जाण्याचे दारच बंद झाले.

पुढच्याच वर्षी शोपँ गेला. पियानो शिकवण्याच्या आपल्या अपुऱ्या पुस्तकाचे कागद ज्या दोघांकडे द्यावेत असे त्याने सांगितले होते, त्यांपैकी एक आल्काँ होता. १८५३नंतर आल्काँने सुमारे वीस वर्षे जाहीर मैफली केल्या नाहीत. ‘माणसांपासून फटकून राहणारा’ हे वर्णन मुख्यतः या वर्षांवरून आले आहे, आणि ते करताना त्यामागची ठेच बहुतेक वेळा सांगायची राहून जाते.

हीच वर्षे त्याच्या सर्वांत मोठ्या कामाची आहेत. १८५७मध्ये त्याचा ३९ क्रमांकाचा संग्रह प्रसिद्ध झाला, त्यात सर्व मायनर, म्हणजे गंभीर छटेच्या, स्वरमेळांमधील बारा एट्यूड आहेत. एट्यूड म्हणजे अभ्यासरचना, पण इथे चार एट्यूड मिळून एक सिंफनी, म्हणजे एरवी वाद्यवृंदासाठी लिहिली जाणारी मोठी रचना, होते आणि त्यापुढच्या तीन मिळून एक कॉन्चेर्तो. कॉन्चेर्तोत एरवी एकल वादक आणि वाद्यवृंद असे दोघे असतात, पण हा वाद्यवृंदाविना, एकट्या पियानोसाठी आहे. कॉन्चेर्तोची पाने उघडली की स्वरलेखनातच ‘तुत्ती’ (सगळे मिळून) आणि ‘सोलो’ (एकट्याने) असे शब्द छापलेले दिसतात. वाद्यवृंदाचा भाग कुठे संपला आणि एकल वादकाचा कुठे सुरू झाला, हे दहा बोटांनीच दाखवायचे आहे. एकट्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे पहिल्या भागात, १३००हून अधिक बार (तालाचे छोटे खंड) असून ती वाजवायला अर्धा तास लागतो. तिच्या उत्तरार्धात एकच स्वर वेगाने, न थांबता ठोकला जातो आणि त्याच्याभोवती बाकीचे संगीत हळूहळू जमत जाते. तिथे वादकाच्या मनगटाची कसोटी तर लागतेच, पण ऐकणाऱ्याचाही श्वास अडकतो. ही रचना केवळ बोटांच्या करामतीसाठी लिहिली आहे असे म्हणणाऱ्याने तेवढा भाग एकदा लक्ष देऊन ऐकावा.

१८७३मध्ये तो पुन्हा लोकांसमोर आला आणि काही वर्षे त्याने पॅरिसमध्ये छोट्या मैफलींची मालिका चालवली. तिथे तो बाख, कुपरँ, स्कार्लाती अशा जुन्या रचनाकारांना मोठी जागा देई आणि पायांनी वाजवण्याच्या पट्ट्या जोडलेला पेडल-पियानोही वाजवी. २९ मार्च १८८८ रोजी तो वारला.

मृत्यूच्या दंतकथेनुसार वरच्या फळीवरचा तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ काढताना कपाट त्याच्या अंगावर पडले. अशीच कथा अठराव्या शतकात फ्रान्समधील मेत्झ शहरातील एका रब्बीबद्दल, म्हणजे ज्यू धर्मगुरूबद्दल, सांगितली जात होती, आणि आल्काँच्या घराण्याचे मूळही त्याच प्रदेशातले. त्याच्या एका विद्यार्थ्याच्या समकालीन पत्रातली हकीकत वेगळी आहे. इमारतीच्या रखवालदाराला कण्हण्याचा आवाज आला आणि आल्काँ स्वयंपाकघरात छत्र्या-कोट अडकवण्याच्या जड स्टँडखाली पडलेला सापडला. त्याच संध्याकाळी त्याने प्राण सोडला. पहिली कथा लोकांना आवडली आणि संगीतापेक्षा तीच जास्त फिरली, याचे वाईट वाटते.

विसाव्या शतकात त्याला पुढे आणणारे बहुतेक सारे फ्रान्सबाहेरचे होते. बर्लिनमध्ये स्थायिक झालेल्या एका इटालियन पियानोवादकाने बेटहोवेननंतरच्या सर्वश्रेष्ठ पियानोरचनाकारांत त्याची गणना केली. १९३२मध्ये इंग्लंडमधील एका रचनाकार-समीक्षकाने आपल्या निबंधसंग्रहात त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहिला, आणि या समीक्षकाचे वडील मुंबईचे पारशी अभियंते होते. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका वादकाने रेडिओवरून आणि मैफलींतून आल्काँ ऐकवला, तेव्हा पहिल्यांदा मोठा श्रोतृवर्ग त्याच्याकडे वळला. इंग्लंडमध्ये त्याच्या नावाने संस्था निघाली १९७७मध्ये, तर फ्रान्समध्ये १९८४मध्ये. मायदेशाला लागलेला हा उशीर बोलका आहे.

जे हरवले ते मात्र परत आलेले नाही. हिब्रू आणि सिरियाक भाषांतून त्याने केलेले बायबलचे फ्रेंच भाषांतर नाहीसे झाले आहे. १८४४च्या सुमारास त्याने वाद्यवृंदासाठी बी मायनरमध्ये एक सिंफनी लिहिली होती, तिचे हस्तलिखितही आज कुठे नाही. एका समकालीन समीक्षकाने ते डोळ्यांनी पाहिले होते. त्याच्या वर्णनानुसार संथ मूव्हमेंटच्या माथ्यावर लाल शाईने हिब्रू अक्षरांत बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकातले शब्द लिहिलेले होते : देव बोलला, प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला.