गाडीतील अर्थिंग

मोटारीत बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडतात. या जोडणीला अर्थिंग किंवा बॉडी अर्थ म्हणतात. घरातले अर्थिंग जमिनीत जाते आणि शॉकपासून वाचवते. गाडी रबरी टायरांवर उभी असल्याने तिथे अर्थ म्हणजे बॅटरीकडे करंट परतण्याची वाट, म्हणजे अर्धे सर्किटच. तरी बिघाड शोधताना ही वाट सर्वांत शेवटी आठवते.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणून त्याला वेगळी जाड अर्थ पट्टी लागते. सेल्फ मारताना छोटी पेट्रोल गाडीही १०० ते २०० अँपिअर ओढते. जोडात ०.०१ ओहमचा रोध आला तरी १५० अँपिअरला १.५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. सेल्फ नुसता 'कट्‌ कट्‌' करतो आणि चांगली बॅटरी बदलली जाते. पट्टी तुटली तर करंट क्लच केबलमधून वाट काढतो, केबल तापते. इंडिकेटर दिल्यावर टेललाइटही लुकलुकत असेल, तर मागच्या दिव्यांचा समाईक अर्थ सुटलेला समजावा.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बॅटरीतले पाणी आटते, टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने इंजिन धुतले की थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज चढतो. वरून बोल्ट मात्र घट्टच दिसतो.

तपासताना मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५च्या वर गेल्यास जोड उघडावाच. ओहमवर मोजणे फसवे असते, कारण वायरीची एकच तार शाबूत असली तरी काटा जवळपास शून्यच दाखवतो. भार पडल्याशिवाय खरे कळत नाही.

दुरुस्तीत निगेटिव्ह आधी काढावे व शेवटी लावावे. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकून शॉर्ट होतो. टर्मिनलवरची भुकटी खायचा सोडा व कोमट पाण्याने धुवावी. थिंबल व बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावी. रंगावर थिंबल कधीच कसू नये. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मगच वरून व्हॅसलीन लावावे.

नंतर बसवलेल्या ॲम्प्लिफायरचा अर्थ डॅशबोर्डच्या स्क्रूला देण्याची सवय वाईट. स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी बहुतेकदा तिथूनच येते. अशा वेळी जाड वायर थेट बॉडीच्या पत्र्याला द्यावी.