किण्व, विकर, विरजण : एका शब्दाचा सीमावाद

आमच्या बेळगावच्या गल्लीत दोन मुली दहावीला आहेत. एक मराठी माध्यमात, दुसरी कन्नड माध्यमात. अभ्यासाला मात्र दोघी आमच्याच सोप्यात बसतात. परवा त्यांची जुंपली. कन्नडवालीच्या पुस्तकात ‘किण्व’ म्हणजे लाळेत असतो, पिठूळ पदार्थाची साखर करतो तो घटक. मराठीवालीच्या लेखी ‘किण्व’ म्हणजे पाव फुगवणारं यीस्ट, आणि ‘किण्वन’ म्हणजे आंबणं. शेवटी प्रश्न माझ्याकडे आला : “काय ओ काका, तोंडात यीस्ट असतंय काय?”

दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. कन्नड ज्याला किण्व म्हणते, त्याला मराठी पुस्तकं विकर म्हणतात. बोलताना आपण एन्झाइमच म्हणतो. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ मद्य आंबवायला घालायचं खमीर. तिथून तो निघाला आणि दोन भाषांत दोन घरी नांदायला गेला.

हा घोळ एकट्या बेळगावचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातही ‘फर्मेंट’ हा एकच शब्द दोन्हींना चालायचा. १८३३ मध्ये पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून स्टार्चची साखर करणारा डायस्टेज वेगळा काढला. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर मात्र सांगत होता, जिवंत यीस्टशिवाय दारू आंबत नाही. मग १८७७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्यूनने निर्जीव घटकासाठी ‘एन्झाइम’ हा वेगळा शब्द घडवला. गंमत बघा, त्याचा ग्रीक अर्थ ‘यीस्टमध्ये असलेलं’! पुढे १८९७ मध्ये बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस पिळून काढला. त्या रसात जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घातल्यावर तो फसफसू लागला. याच कामाबद्दल त्याला १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता स्वयंपाकघरात या. चमचाभर विरजण पातेलंभर दूध लावतं आणि कच्च्या पपईचा थोडासा चीक किलोभर मटण मऊ करतो. थोड्याशात खूप काम, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. पण विरजणात जिवंत जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात, आम्ल सोडतात आणि रात्रभरात वाढतात. म्हणून आजच्या दह्यातला चमचा उद्या चालतो, उद्याचा परवा. कित्येक घरांत सासूच्या हातचं विरजण सुनेच्या हाती तसंच चालत आलेलं असतं.

पपईच्या चिकातलं पपेन हे जिवंत नाही. ते प्रथिनाचा रेणू आहे. त्याला ठरावीक आकाराची खाच असते. मांसातल्या प्रथिनाचा धागा त्या खाचेत बसतो, तुटतो, तुकडे बाहेर पडतात आणि खाच पुढच्या धाग्यासाठी मोकळी. काम करून विकर खर्ची पडत नाही. आपल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड हाताळणारं एक विकर आहे, त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांपर्यंत रेणू उरकतो. पण एवढा कामसू असला तरी त्या एकाचे दोन कधी होत नाहीत. नवं विकर हवं तर जिवंत पेशीनेच बनवायला हवं. म्हणून आज मुरवलेल्या मटणातलं चमचाभर उद्याच्या मटणात घालून भागत नाही.

उकळलं की दोन्ही वाया जातात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. फरक मधल्या तापमानाला कळतो. साठ-पासष्ट अंशांना पपेन जोमात असतं, तर विरजणातले बहुतेक जिवाणू तिथे मरतात. दुसरी खूण गोठ्यातली. म्हशीची कास सुजली, म्हणजे दगडी झाली, आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक टोचलं, तर त्या दिवसांचं दूध नीट विरजत नाही (ते वापरूही नये). पपईच्या चिकाला त्या औषधाने काही होत नाही.

तरी दोघं परके नाहीत. दुधातली साखर फोडायला जिवाणूही आपल्या विकरांवरच अवलंबून असतो. जिवाणू हे अख्खं गुऱ्हाळ म्हणा, आणि विकर त्यातला चरक.

औषधाच्या दुकानातही हाच घोळ होतो. पचनाच्या सिरपवर डायस्टेज, पेप्सिन लिहिलेलं असतं ती विकरं. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिकची पुडी मिळते त्यात जिवंत जंतू. ती पुडी गरम दुधात कालवू नका. आणि हो, आपल्या बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा, तपकिरी रंग या दोघांपैकी कुणाचाच नाही. दूध आटताना त्यातली साखर आणि प्रथिनं तापून त्यांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होते, त्याचा तो रंग.

दोघांची करणी एकाच जागी बघायची तर आमच्या जिल्ह्यातल्या हुक्केरी-चिकोडीकडचा तोडलेला ऊस बघा. साखर नुसत्या पाण्यात विरघळवून ठेवली, तर तिचे आपोआप दोन तुकडे व्हायला शेकडो वर्षं लागतील. उसाच्या पेशीत मात्र इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं. ऊस तुटल्यावर ते साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करत सुटतं. बाहेरून कुणी यायची गरज नाही, घरचाच भेदी. दुसरीकडे तोडलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. ते साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात, रस बुळबुळीत होतो आणि कारखान्यात गाळणी तुंबते. ट्रॉल्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यात उन्हाळा असला, की दोघांनाही मोकळं रान. शेतकऱ्याला फक्त वजन घटल्याचं दिसतं; आतली साखर किती गेली ते दिसत नाही.

गुऱ्हाळावर ते लपत नाही. फुटलेल्या साखरेचे खडे नीट धरत नाहीत, गूळ मऊ राहतो, पाणी सुटतं, ढेप उभी राहत नाही. काहील उकळली की विकर आणि जिवाणू दोन्ही संपतात. पण रसात आंबटपणा असेल तर उकळतानाही साखर फुटतच राहते, म्हणून गुळव्या चुन्याची निवळी घालतो. आधी फुटलेली साखर मात्र चुन्याने जोडली जात नाही आणि भेंडीच्या पाण्यानेही नाही. भेंडी फक्त मळी वर आणते. म्हणूनच उसाची मोळी चरकाजवळ पडली की रसाची चव घेण्याआधी गुळव्या विचारतो, “तोड कधीची?”