आधी उत्तर, मग पेढा

आमच्यात एक नियम आहे, कोडं घालणारा पेढ्याच्या बॉक्सवर हात ठेवून बसतो. रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या चार भिंतीवर (टेकडीवरचं हुतात्मा स्मारक) सगळे जमतो, कोणीतरी कंदी पेढे आणलेले असतात आणि उत्तर आल्याशिवाय बॉक्स उघडत नाय म्हणजे नाय. मला वाटायचं हा आमचाच आगाऊपणा, पण मागं जाऊन बघितलं तर कोडं घालणाऱ्यानं वाट अडवून बसायचं ही रीत लय जुनी निघाली. महाभारतातला यक्ष दुसरं काय करतो, तळ्याचं पाणी प्यायचंय ना, मग आधी उत्तरं दे. चार भाऊ न ऐकता प्यायले आणि तिथंच पडले, शेवटी युधिष्ठिरानं उत्तरं देऊन त्यांना उठवलं. ग्रीकांच्या गोष्टीत थीब्सच्या वाटेवर स्फिंक्स बसलेली, सकाळी चार पाय, दुपारी दोन, संध्याकाळी तीन, असा कोण ते सांग (माणूस, म्हातारपणी काठी धरतो ना). तिथं चुकलं की पेढा नाही, जीवच जायचा.

आपल्याकडं याला हुमान म्हणायचे, कुठं उखाणा म्हणायचे. आता उखाणा म्हटलं की नवऱ्याचं नाव एवढंच डोक्यात येतं, पण जुन्या माणसांच्या तोंडी उखाणा म्हणजे कोडंसुद्धा. आणि गंमत बघा, नवी नवरी उंबऱ्यावर आली की नणंदा दार अडवून काय म्हणतात? नाव घे, मगच आत. यक्षाचीच भावंडं!

आजीची हुमानं सगळी घरातली नाहीतर अंगणातली असायची. 'सगळे गेले रानात, झिपरी पोर घरात' म्हणजे केरसुणी. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' म्हणजे चांदण्या नि चंद्र. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' म्हणजे जीभ, आणि हे सांगताना आजी ती बाहेर काढून दाखवायची, त्यामुळं कोडं घालायच्या आधीच उत्तर फुटायचं.

पण याचा खरा जंगी प्रकार म्हणजे कलगी-तुरा. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला, एकानं भेदिक लावणीत पुराणातला नाहीतर अध्यात्मातला पेच टाकायचा, दुसऱ्यानं तो गाण्यातच सोडवायचा आणि वर आपला उलटा सवाल ठोकायचा, असं उजाडेपर्यंत. तमाशातले सवाल-जवाब त्याच घरातले. त्या फडांवर गाजलेले शाहीर पठ्ठे बापूराव आपल्या सांगलीकडचे, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, जन्म १८६६ चा.

गणिताची कोडी पण काय कालपरवाची नाहीत राव. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची, त्यातली गणितं नुसती आकडेमोड नाहीत, त्यात भुंगे आहेत, हंस आहेत, माकडं आहेत. मला आवडतं ते मोराचं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खाली बुडाशी सापाचं बीळ, साप २७ हात लांबून बिळाकडं यायला लागला, मोरानं तिरकी झेप टाकली, दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातांवर धरला? उत्तर बारा. आमच्यातल्या इंजिनियरला मोबाईल काढावा लागला, नाव सांगत नाही.

आणि ते होडीचं कोडं, वाघ, शेळी आणि गवताचा भारा, ते आपल्याच गावचं वाटतं ना? युरोपात साधारण बाराशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन संग्रहात आहे ते, अल्क्विन नावाच्या पंडिताच्या नावावर. तिथं लांडगा, शेळी आणि कोबी. होडीत एका वेळी एकच न्यायचं, आणि काठावर मागं राहिलेल्यांनी एकमेकांना खायला नको. खुबी एवढीच की आधी शेळी न्यायची आणि मधे एकदा तिला परत आणायची, हे परत आणणं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

मी मागच्या रविवारी तेच घातलं, जरा आपल्याकडचं करून. म्हटलं साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर एकच होडी आहे, पलीकडं कसं जाशील? एक जण म्हणाला, अरे माहुलीला पूल आहे की, आणि माझा हात बाजूला करून पेढा उचलला.