पुन्हा पुन्हा झिप केल्याने फाइल लहान होत जाते का?

एकदा कॉम्प्रेस केलेली फाइल पुन्हा कॉम्प्रेस केली की ती दरवेळी आणखी लहान होते, असा समज फार जुना आहे. पहिल्याच फेरीत आकार निम्म्यावर आलेला पाहिला की तसे वाटणे स्वाभाविकही आहे.

मात्र जीझिपसारखी (gzip, फाइल कॉम्प्रेस करणारा प्रोग्राम) साधने फाइलमधील पुनरावृत्ती शोधून ती थोडक्यात नोंदवतात आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देतात. हे झाले की दाबण्यासारखे फारसे काही उरत नाही, उलट प्रत्येक फेरीत हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती), चेकसम (मजकूर बिघडला नाही ना हे तपासणारा आकडा) आणि मूळ आकाराची नोंद यांचे किमान १८ बाइट वाढतात. शिवाय प्रत्येक फाइल लहान करता आली असती, तर लहान फाइलींची संख्या मुळात कमी असल्याने दोन वेगळ्या फाइलींचे कॉम्प्रेस केलेले रूप कुठेतरी एकच झाले असते आणि डिकॉम्प्रेस करताना मूळ कोणते हे ठरवताच आले नसते.

पडताळण्यासाठी मजकुराची एखादी मोठी फाइल जीझिपने कॉम्प्रेस करावी, तिचे नाव बदलावे (जीझेड प्रत्यय असलेली फाइल जीझिप एरवी पुन्हा घेत नाही), तीच आज्ञा पुन्हा द्यावी आणि दोन्ही आकार ताडून पाहावेत. केवळ शून्यांनी भरलेली मोठी फाइल मात्र दुसऱ्या फेरीतही घटते, कारण जीझिप एका फेरीत साधारण १००० पटींपलीकडे जाऊ शकत नाही आणि त्यामुळे तिच्या पहिल्या निकालातही पुनरावृत्ती शिल्लक असते.