लुगड्यावरचा डाग किती मिलीलिटर?

गेल्या मे महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या आमच्या घरी मी एक वेडा उद्योग केला. आमसुलाचं आगळ घालून बरोबर अर्धा लिटर पाणी तयार केलं, आजीचं जुनं सुती लुगडं चौपदरी करून सोप्यावर अंथरलं आणि सगळं त्यावर ओतलं. मग एकेकाला बोलावून विचारलं, किती सांडलं असेल? काका म्हणाले, पेलाभर. काकू म्हणाली, “दीड पेला. आणि हे धुणार कोण?” चुलतभाऊ रोज डेअरीला दूध घालतो, फॅटचा आकडा दशांशात सांगतो. तो म्हणाला, अडीचशे. अर्धा लिटर कुणाच्याच तोंडून आलं नाही.

आजी डागाकडं नुसती बघत राहिली. म्हणाली, “सुईण असंच बघायची. चिंध्या बघायची आणि बाईचं तोंड बघायची. तोंड पांढरं पडलं की मग पळापळ.”

बाळंतपणानंतर अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं, तर त्याला अतिरक्तस्राव म्हणायचं, ही वैद्यकातली जुनी व्याख्या. पण हा अर्धा लिटर मोजायचा कुणी आणि कशात? बहुतेक ठिकाणी तो नजरेनं मोजला जायचा, आणि नजर काय करते ते आमच्या सोप्यावर दिसलंच.

मुळात रक्त का जातं, हे आधी बघू. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडं मिनिटाला साधारण अर्धा लिटरच्या पुढं रक्त वाहत असतं. बाळ आलं, वार सुटली, की ती जिथं चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. एरवी जखम झाली की आपण गुठळी धरायची वाट बघतो. इथं तेवढी उसंत नसते. गर्भाशयाचे स्नायू आडवेतिडवे विणलेले असतात आणि वाहिन्या त्या विणीतून जातात. स्नायू आकसले की चंची नाडीनं आवळावी तशा त्या आवळल्या जातात. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट लागतंय ना, हे जाणती बाई चाचपते ते यासाठीच. ते मऊ राहिलं तर रक्त थांबत नाही. उपचार मिळाले नाहीत तर दोनेक तासांतही जीव जाऊ शकतो. कणकुंबीकडच्या एखाद्या वाडीतून पावसाळ्यात, रात्री, गाडी शोधून बेळगाव गाठायला किती वेळ लागतो, ते तिकडच्या माणसाला सांगायला नको.

आता बेळगावकडं येतो. केएलई ही संस्था १९१६ साली सात तरुण शिक्षकांनी शिक्षणासाठी काढली. नफा वाटून घेणारा मालक तिला नाही. तिचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चं. मोठं हॉस्पिटल असलं की आपण खाटा मोजतो, मशिनं मोजतो. मला त्या सगळ्यापेक्षा तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकी संशोधकांबरोबर वापरात आणलेला एक प्लॅस्टिकचा कागद महत्त्वाचा वाटतो. बाळ बाहेर आलं की तो बाळंतिणीच्या खाली सरकवायचा, वरच्या नाड्या तिच्या कमरेला बांधायच्या. खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी, आणि पिशवीवर मिलीलिटरच्या रेघा. झालं, एवढंच यंत्र. वीज नको, बॅटरी नको. १२३ बाळंतिणींवर केलेल्या तुलनेत दिसलं, की नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी भरतो. आमच्या काकांपेक्षा बरा, पण कमीच.

माप हाती आल्यावर औषध तपासता आलं. गर्भाशय आकसवायचं नावाजलेलं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं आणि ते टोचायला शिकलेला हात लागतो. मिसोप्रोस्टॉल ही मुळात पोटातल्या अल्सरवरची गोळी. ती गर्भाशयही आकसवते, तोंडावाटे घेता येते आणि तिला फ्रिज लागत नाही. प्रश्न एवढाच होता, की खेड्यात, डॉक्टर जवळ नसताना, नर्सबाईच्या हातून ती दिली तर उपयोग होतो का?

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत हे करून बघितलं गेलं. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात. १,६२० बायका, २५ नर्सबाया. ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळालं ते ना बाळंतिणीला माहीत, ना नर्सबाईला. रक्त मात्र प्रत्येकीचं त्या पिशवीत मोजलेलं. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. औषध न मिळालेल्यांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्के, मिळालेल्यांत ६.४. एक लिटरच्या वरचा, जिवावरचा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ वर. म्हणजे १८ जणींना गोळ्या दिल्या की त्यातल्या एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. थंडी वाजून हुडहुडी भरणं आणि ताप हा त्रास गोळीनं वाढला, पण तो टिकला नाही.

त्या ८०८ जणींचं काय, हा प्रश्न मला आजही टोचतो. उत्तर असं दिलं जातं, की त्या काळी तिथल्या अशा बाळंतपणांत गर्भाशय आकसवणारं औषध देण्याची रीतच नव्हती. म्हणजे मिळत होतं ते कुणाचं काढून घेतलं नाही. हे खरं आहे. तरी वाचताना घास अडकतो तो अडकतोच, आणि अडकावाही.

याच अभ्यासातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वर्षं सरत गेली तसं अतिरक्तस्रावाचं प्रमाण दोन्ही गटांत उतरत गेलं, औषध नसलेल्या गोळ्यांच्या गटातही. का? माझा आपला अंदाज असा, की रेघ डोळ्यासमोर आली की हात बदलतो. तीनशेच्या पुढं पिशवी चढताना दिसली की नर्सबाई पोट चाचपते, घरच्यांना गाडी बघायला पिटाळते. चेहरा पांढरा पडायची वाट बघत नाही.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचं नाव आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. पिशवीला आणखी बारा वर्षं लागली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशीच रेघांची पिशवी होती, आणि रेघ ओलांडली की सगळे उपचार एकापाठोपाठ एक न करता एकदमच सुरू करायचे, असा नियम. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच अतिरक्तस्राव वेळेत ओळखले जात होते, पिशवीनं ९३ टक्के ओळखले गेले. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. गोळी असो की इंजेक्शन, ते कधी द्यायचं हे कळण्यावरच इतकं अवलंबून होतं.

आणि आता ती पाचशेची रेघही खाली येते आहे. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात, की रक्त ३०० मिलीलिटर गेलं असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल, तर पाचशेची वाट न बघता हालचाल करा. आपल्याकडं हे फार आधी लागू व्हायला हवं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ऊस तोडून आलेल्या, हिमोग्लोबिन सातवर असलेल्या बाईचे तीनशे मिलीलिटर आणि धडधाकट बाईचे तीनशे मिलीलिटर पिशवीत एकाच रेघेला लागतात. म्हणून पिशवीबरोबर तिची नाडीही बघायची.