कंपनीचं वार्षिक संमेलन : तयारीला किती दिवस हवेत?

300 माणसांच्या संमेलनासाठी 16 आठवडे हाताशी असले तर काम नीट होतं, 10 आठवड्यांत निभावतं. 6 च उरले असतील तर जे सभागृह मिळेल ते घ्यावं लागतं.

तारीख पक्की करण्याआधी पंचांग जरूर पाहा. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि पुण्यातली चांगली लॉन, सभागृहं लग्नांना जातात. मुहूर्त नसलेल्या मंगळवारी-बुधवारी तेच सभागृह बरेचदा कमी भाड्यात मिळतं. पावसाळ्यात उघडं लॉन नकोच. गणेशोत्सवात तर मांडववाले आणि साउंडवाले हाती लागत नाहीत.

सभागृह किती वाजता ताब्यात मिळणार, हे लेखी घ्या. स्टेज, एलईडी वॉल, साउंड आणि लाइट लावायला 8 ते 10 तास जातात, वर रंगीत तालमीला 2 तास. आदल्या रात्री तिथे रिसेप्शन असेल, तर हॉल मध्यरात्रीनंतरच रिकामा होतो. मग सकाळी 10 चा कार्यक्रम तालमीविना सुरू होतो आणि पहिल्याच व्हिडिओला आवाज येत नाही.

सगळ्यात जास्त दिवस मात्र तुमच्याच ऑफिसात जातात: तीन कोटेशन, नव्या पुरवठादाराची नोंदणी, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), अ‍ॅडव्हान्स. यात 3 आठवडे सहज सरतात, आणि तोंडी बोलणीवर हॉल कुणी इतके दिवस राखून ठेवत नाही. म्हणून बजेट मंजूर झालं त्याच दिवशी अकाउंट्सला कामाला लावा. मार्चमध्ये तर त्यांच्याकडून काही लवकर होईल असं धरूच नका.

उघड्यावर स्पीकर लावायचे तर पोलीस परवानगी लागते आणि रात्री 10 ला ते बंद करावे लागतात. त्यामुळे वेळापत्रक 10 पासून मागे मोजत आखा, बक्षिसं जेवणाआधी ठेवा. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवणार असाल, तर ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा आणि गीत-संगीताचा वेगळा. दोन्हींसाठी 3 आठवडे धरा.

ताटांचा आकडा केटररला 3 दिवस आधी द्या, तोही आलेल्या होकारांवरून. जैन जेवण किती, हे वेगळं विचारा.

स्मृतिचिन्हांवरची नावं ज्याची त्याला दाखवून तपासा. यादी 15 दिवस आधी आमच्याकडे, म्हणजे संमेलनाचं आयोजन करून देणाऱ्यांकडे आली, तर एखादं नाव चुकलं तरी पुन्हा कोरून घेता येतं.