युरिथेनिस: एका नावाखाली किती जण दडले होते

पैठणच्या बाजारातून जायकवाडीचा झिंगा आणून ताटलीत ठेवला की लेकरं आधी त्याचं डोकं बघतात, डोकं आन छाती मिळून वर एक सलग टोपण असतंय ना, ते. ॲम्फिपॉड म्हणजे झिंग्याच्या लांबच्या नात्यातले छोटे कवचवाले प्राणी, त्यांना हे टोपण नसतं, डोळे दांडीवर नसतात, डोक्यालाच चिकटलेले, आन अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं. बीएस्सीच्या वर्गात मी एवढं दाखवतो आन मग युरिथेनिसकडं वळतो. खोल समुद्रातला हा प्राणी, मेलेल्या माशांवर जगणारा, बाकी ॲम्फिपॉड बहुतेक नखाएवढे आन हा १५ सेंटिमीटरच्या आसपास जातो!

पहिली नोंद १८२२ ची, मांट यांच्या ग्रीनलंड प्रवासावरच्या प्रबंधात लिख्टेनस्टाइन यांनी ह्याला गॅमॅरस ग्रिलस म्हणलं, ग्रिलस म्हणजे लॅटिनमधला रातकिडा. १८६५ ला लिलजेबोर्ग यांनी वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली, युरिटेनिस, पण तेच नाव तीन वर्षं आधी एका परजीवी गांधीलमाशीला देऊन झालं होतं आन दोन प्राण्यांना एकच प्रजातीनाव चालत नाही, म्हणून १८८२ ला स्मिथ यांनी ते थोडं बदलून युरिथेनिस केलं. १९०५ ला शेव्हरो यांनी कॅटियस ओबेसस म्हणून निराळीच प्रजाती सांगितली, ती पण पुढं ह्यातच आली. स्वतंत्र कुळ मिळायला मात्र २००४ उजाडलं.

खरी गडबड ग्रिलसची होती. आर्क्टिक असो का अंटार्क्टिक, अटलांटिक असो का पॅसिफिक, मासा बांधून पिंजरा खाली सोडला आन मोठा युरिथेनिस वर आला की बहुतेक वेळा लेबल ठरलेलं, ग्रिलस. २०१३ ला हावरमान्स आन त्यांच्या सोबत्यांनी डीएनए तपासला तर त्या एका नावाखाली जातींएवढे वेगळे नऊ गट निघाले. मग डोळ्यांनी ओळखायचं कसं, तर पकडीच्या पहिल्या दोन पायांचे पंजे बघायचे, सातव्या पायाचा रुंद बुडखा बघायचा आन पाठीची कड सपाट आहे का वळणाची तेही. सिग्मिफेरस नावाच्या जातीची कड अशी वळते की नावातच सिग्मा हे ग्रीक अक्षर आलंय. हे काम लई चिकाटीचं, एकेक पाय सुटा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, आन मला त्या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं.

२०२० ला मारियाना गर्तेतल्या एका नव्या जातीच्या पोटात पीईटी प्लास्टिकचा (पाण्याच्या बाटल्यांचं असतं ते) धागा सापडला, ती सहा हजार मीटरच्या खालची, तिचं नाव प्लास्टिकस.

आन २०१५ ला नवीन जाती नोंदवल्या त्यात अंटार्क्टिककडच्या खोल पाण्यातली एक आहे, तिचं नाव संस्कृतातून उचललंय, युरिथेनिस अंधकारे, म्हणजे अंधकाराचा. मी ते फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘सर, हे तर आपल्या अंधारेच्या घरचं दिसायलंय.’